‘ॲव्हरेज’ आणि ‘तासावर’ : दोन इंजिनांच्या लहान विमानातील इंधनाचा हिशेब

कन्नड तालुक्यात इंधनाविषयी दोन रीतींनी बोलले जाते. औट्रम घाट चढून आलेल्या मोटारसायकलस्वाराला ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ असे विचारले, की एका लिटरमागे किती किलोमीटर ते तो सांगतो. त्याच माणसाच्या शेतात डिझेलचा पंप असेल किंवा भाड्याचा ट्रॅक्टर येत असेल, तर मात्र त्याची भाषा पालटते. ट्रॅक्टर ‘तासावर’ येतो आणि पंप ‘तासाला इतके डिझेल खातो’. पहिल्या रीतीत इंधनाची सांगड अंतराशी घातलेली आहे, दुसरीत ती काळाशी. ‘ॲव्हरेज’ ह्या शब्दाचा मूळ ‘सरासरी’ हा अर्थ मराठीत गळून जाऊन ‘इंधनामागे तोडलेले अंतर’ एवढा एकच अर्थ त्याला चिकटला, आणि तो इतका घट्ट चिकटला की प्रवास करणारे कोणतेही यंत्र त्याच मापाने मोजावयाचे असते अशी बोलणाऱ्याची समजूत होऊन बसते.

विमान हे प्रवास करणारे यंत्र आहे. तेव्हा त्याचा हिशेब मोटारसायकलच्या रीतीने व्हावा, अशी अपेक्षा स्वाभाविक होय. प्रत्यक्षात वैमानिक पंपवाल्याच्या रीतीने हिशेब करतो. तो असे का करतो आणि न केल्यास काय ओढवते, हे दोन इंजिनांच्या लहान विमानांच्या संदर्भात येथे पाहावयाचे आहे.

ह्या प्रश्नाला मराठवाड्यात एक विशेष प्रयोजन आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने तेव्हाच्या औरंगाबादेहून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगराहून, कृत्रिम पावसाचे प्रयोग करविले. चिकलठाणा विमानतळावरून उडणारे विमान बीचक्राफ्ट कंपनीच्या किंग एअर वर्गातले, म्हणजे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे होते. पंखांच्या मागल्या कडेला क्षारांच्या नळकांड्या लावून ते योग्य ढग शोधीत जाई. ढगात क्षार सोडल्याने पाऊस किती वाढतो हा वेगळा आणि वादाचा विषय आहे. परंतु त्या वादाच्या आधीचा एक साधा प्रश्न उरतोच : विमान ढगापाशी किती मिनिटे राहू शकते? पाण्याची वाट पाहणाऱ्या प्रदेशाच्या दृष्टीने ह्या मिनिटांनाच मोल आहे. जाण्यायेण्यात जळालेले इंधन म्हणजे केवळ खर्च होय.

आता प्रथम इंजिनाकडे पाहू. इंजिन इंधन घेते ते शक्ती देण्यासाठी. विमान जमिनीवरून किती पुढे सरकले ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पेट्रोलवर चालणारे दट्ट्याचे इंजिन, मिश्रण नीट बेतले असेल तर, एका अश्वशक्तीसाठी तासाला सुमारे २०० ग्रॅम इंधन घेते. हे प्रमाण जवळजवळ स्थिर असल्यामुळे अंदाजाचे काम सोपे होते. प्रत्येकी २०० अश्वशक्तीची दोन इंजिने ६५ टक्के शक्तीवर चालत असतील, तर एकूण २६० अश्वशक्ती झाली. तिला तासाला सुमारे ५२ किलो, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचे सुमारे ७२ लिटर इंधन लागेल. मिश्रणाची दांडी ओढावयास वैमानिक विसरला आणि मिश्रण घट्ट राहिले, तर हाच आकडा सहज पंधरा-वीस टक्क्यांनी वर जातो. तेवढ्या फरकाने दोन विमानांची नव्हे, तर दोन वैमानिकांची तुलना होते, असे म्हणावयास हरकत नाही.

गोंदियाजवळील बिरसी विमानतळावर वैमानिकांना शिकविण्यासाठी डायमंड कंपनीची डीए-४२ ही दोन इंजिनांची विमाने वापरण्यात आली. त्यांच्या नव्या आवृत्त्यांतील इंजिन हे मर्सिडीज मोटारीच्या डिझेल इंजिनावरून घडविलेले आहे. त्याची शक्ती १६८ अश्वशक्ती, आणि प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला लागणारे इंधन सुमारे १६५ ग्रॅम. साठ टक्के शक्तीवर दोन्ही इंजिने मिळून ताशी सुमारे ४० लिटर जाळतात. शेतातला डिझेल पंप आणि हे विमान ह्यांचे नाते असे शब्दशः जवळचे आहे.

ह्या विमानाचे ‘ॲव्हरेज’ काढता येणार नाही असे नाही. ते हवेत ताशी २८० किलोमीटर जाते असे धरले, तर एका लिटरमागे सात किलोमीटर पडतात. एखाद्या जुन्या जड मोटारीइतके. पण हे सात किलोमीटर हवेतले आहेत, जमिनीवरले नव्हेत. मोटारीच्या बाबतीत हा भेद उद्भवत नाही, कारण रस्ता जागचा हलत नाही. विमानाचा रस्ता हलतो.

येथे ‘वेग’ ह्या शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘चाल’ आणि ‘वेग’ असा भेद केला आहे : दिशा न सांगता दिलेली ती चाल, दिशेसह दिलेला तो वेग. भौतिकशास्त्राला तो पुरेसा आहे. परंतु ‘वेग’ ह्या शब्दाला आणखी एका पूरकाची गरज असते आणि रोजच्या बोलण्यात ते पूरक गृहीत धरून गाळले जाते. ‘गाडी ताशी ६० च्या वेगाने गेली’ ह्या वाक्यात ‘रस्त्याच्या सापेक्ष’ हे शब्द अध्याहृत आहेत. विमानाविषयीच्या वाक्यात नेमके काय अध्याहृत आहे, हे वाक्यावरून कळत नाही. ‘देणे’ ह्या क्रियापदाचे ‘कोणाला’ हे पद गाळावे आणि ऐकणाऱ्याने ते भलतेच घालून घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

वैमानिकापुढे किमान तीन वेग असतात. तबकडीवर दिसणाऱ्या वेगाला ह्या लेखापुरते ‘दर्शकवेग’ म्हणू. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढला असता तळहातावर हवेचा जो रेटा जाणवतो, तो रेटा मोजून ही तबकडी वेग सांगते. हवा विरळ झाली की त्याच वेगाला रेटा कमी भरतो आणि तबकडी कमी आकडा दाखविते. विमान हवेतून प्रत्यक्ष ज्या वेगाने जाते तो ‘खरा वायुवेग’. त्यात वाऱ्याची बेरीज-वजाबाकी केली म्हणजे जमिनीच्या सापेक्ष मिळणारा तो ‘भूवेग’. पंख विमानाला तोलून धरतील की नाही हे दर्शकवेगावर ठरते, उड्डाणाचा आराखडा खऱ्या वायुवेगावर मांडला जातो आणि घरी केव्हा पोचणार हे भूवेग ठरवितो. विमान नियतक्रमाने ज्या स्थिर वेगाने सरळ जाते त्याला वैमानिक ‘क्रूझ’ म्हणतात. विमानाच्या माहितीपुस्तकात त्याचा जो आकडा छापलेला असतो तो खऱ्या वायुवेगाचा असतो, हे वाचकाने विसरता कामा नये.

पहिल्या दोन वेगांतील अंतर थोडेथोडके नाही. दर ३०० मीटर उंचीला दर्शकवेगात दोन टक्के मिळवावे, असा एक जुना ठोकताळा आहे. तीन हजार मीटर उंचीवर प्रमाण मानलेल्या हवेत प्रत्यक्ष वाढ सोळा टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे ठोकताळा जरा उदार आहे. पण मराठवाड्यावरची हवा त्या प्रमाणाहून पुष्कळदा दहा-पंधरा अंशांनी उष्ण असते. उष्ण हवा विरळ, म्हणून तेथे ही वाढ वीस टक्क्यांजवळ जाते. तबकडीवर ताशी २७० किलोमीटर दिसत असता खरा वायुवेग ३२० च्या पुढे असतो. थंड देशांत सैल वाटणारा ठोकताळा येथे बरोबर उतरावा, ही एक मौजच आहे. अर्थात त्याच विरळ हवेत दट्ट्याचे साधे इंजिन आपली शक्तीही गमावते, तेव्हा ही मिळकत फुकटची नव्हे. चिकलठाण्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे, म्हणजे हा हिशेब जमिनीवर असतानाच सुरू होतो.

वेग वाढविण्याची किंमत किती, हा पुढचा प्रश्न. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. क्रूझच्या वरच्या टप्प्यात हा नियम बऱ्याच अंशी लागू पडतो. शक्ती ७५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आणली, तर तासाचे इंधन जवळजवळ २७ टक्क्यांनी उतरते, वेग मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच घटतो. म्हणजे दर किलोमीटरमागे इंधनाची बचत अठरा-एकोणीस टक्क्यांची झाली. फार हळू गेल्यास मात्र विमानाला हवेत तोलून धरण्याचाच विरोध वाढू लागतो आणि बचत उलटते. म्हणून घनाचा नियम खाली किती ताणावयाचा ह्याला मर्यादा आहे.

वाऱ्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे : जाताना पाठीशी असलेला वारा येताना समोरून आला, तर दोन्ही मिळून फिटंफाट होते. तसे होत नाही. ताशी ३३० किलोमीटर वायुवेगाचे विमान २०० किलोमीटर जाऊन परत आले, तर वारा नसताना त्याला सुमारे ७३ मिनिटे लागतील. मार्गावर ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल, तर अनुकूल फेरीस ३१ आणि प्रतिकूल फेरीस ४४, अशी ७५ मिनिटे लागतात. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोट्याला अधिक वेळ मिळतो. पावसाळ्यात दख्खनवर वारा पश्चिमेकडून वाहतो. संभाजीनगराहून लातूरकडे जाणारे विमान त्यामुळे पोचते लवकर आणि परतते उशिरा. अर्धे इंधन संपल्यावर मागे फिरावे, ही बाळबोध युक्ती अशा वेळी अंगाशी येते. ‘ॲव्हरेज’ची भाषा धरली तर ह्या विमानाला एकाच दिवशी जाताना एक आणि येताना दुसरे ‘ॲव्हरेज’ द्यावे लागेल. ताशी व्यय मात्र दोन्ही वेळी तोच राहतो. हिशेबात जे स्थिर आहे त्याला धरून राहावे, आणि विमानात स्थिर आहे ते तासाचे माप.

नियमही हीच भाषा बोलतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत लहान विमानांनी राखावयाचे शेवटचे राखीव इंधन मिनिटांत सांगितले आहे : दिवसा जमीन पाहत केलेल्या उड्डाणासाठी ३० मिनिटांचे आणि उपकरणांवर विसंबून केलेल्या उड्डाणासाठी ४५ मिनिटांचे. किलोमीटरचा उल्लेख तेथे नाही.

माप तासाचे असावे हे ठरले, तरी तासाला काय मोजावयाचे हे उरते. पंपावर इंधन लिटरमध्ये मिळते. इंजिनाला मात्र त्याच्या वजनाशी काम असते, कारण उष्णता वजनाच्या प्रमाणात मिळते. विमानाच्या पेट्रोलचा एक लिटर सुमारे ७२० ग्रॅम भरतो, जेट इंधनाचा सुमारे ८००. इंधन १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापले, तर ते दोन-अडीच टक्के फुगते. टाकी तीच, लिटर तेच, पण वजन कमी. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या टाकीविषयी हे ध्यानात ठेवावे लागते.

एककाचा शब्द निसटला म्हणजे काय होते, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण लहान विमानाचे नाही, तरी ते येथे देणे युक्त ठरेल. कॅनडात मेट्रिक पद्धत येऊ घातली होती. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. टाक्यांतील लिटर मोजून वजन काढताना १.७७ ह्या आकड्याने गुणले गेले. तो आकडा लिटरमागील पौंडांचा होता. किलोसाठी तो ०.८० च्या जवळ असावयास हवा होता. विमान निघाले ते लागणाऱ्या इंधनाच्या जेमतेम निम्मे घेऊन. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली आणि वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमली येथील एका जुन्या हवाई तळावर उतरविले. प्राणहानी झाली नाही. गुणाकार बिनचूक होता. चुकले ते आकड्यामागचे नाम.

आता कृत्रिम पावसाच्या उड्डाणाकडे वळता येईल. टर्बोप्रॉप इंजिनाचा स्वभाव दट्ट्याच्या इंजिनाहून निराळा आहे. ते उंचावर, थंड आणि विरळ हवेत काटकसरीने चालते. खाली आले की तेवढ्याच वेगासाठी पुष्कळ अधिक इंधन मागते. मराठवाड्यातील पावसाळी ढगांत जलग्राही क्षार सोडावयाचे तर ते ढगाच्या तळाशी, म्हणजे बरेच खाली जाऊन सोडावे लागतात. (गोठणबिंदूखालील ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडण्याची रीत वेगळी, ते काम उंचावर होते.) तेव्हा विमानाची काटकसरीची उंची एक आणि कामाची उंची दुसरी, असा पेच पडतो. त्यातच नळकांड्यांच्या चौकटींमुळे हवेचा विरोध वाढतो आणि पुस्तकातला वेग जसाच्या तसा हाती लागत नाही.

पुढील आकडे हिशेबाची रीत दाखविण्यापुरते घेतले आहेत. किंग एअरसारख्या विमानाच्या ते आवाक्यातले आहेत. एकूण इंधन १,००० किलो. वर खरा वायुवेग ताशी ४०० किलोमीटर आणि व्यय मिनिटाला ४ किलो. ढगाच्या तळाशी व्यय मिनिटाला ५ किलो. लातूरचे हवाई अंतर सुमारे २०० किलोमीटर. मार्गावर वाऱ्याचा वाटा ताशी ४० किलोमीटर, जाताना अनुकूल. जाण्यास २७ मिनिटे आणि १०९ किलो, परतण्यास ३३ मिनिटे आणि १३३ किलो. धावपट्टीपर्यंत जाणे आणि चढणे ह्यांचे जादा ६० किलो, पर्यायी विमानतळ गाठण्याचे १२०, आणि ४५ मिनिटांच्या राखीव साठ्याचे १८०. ही बेरीज ६०२ किलो होते. उरले ३९८ किलो. म्हणजे ढगापाशी सुमारे ८० मिनिटे.

एखाद्याने कामाच्या उंचीचा वेगळा व्यय लक्षात न घेता सगळीकडे मिनिटाला ४ किलोच धरले, तर त्याला जवळजवळ शंभर मिनिटे मिळाल्यासारखे वाटेल. ती वीस मिनिटे कोठून येतात? शंभर किलो राखीव साठ्यातून. पंचेचाळीस मिनिटांचा राखीव साठा त्यामुळे वीस मिनिटांवर येतो, आणि ढगाळ संध्याकाळी चिकलठाण्याची धावपट्टी पावसाने दिसेनाशी झाली असेल, तर ही वीस मिनिटे फार थोडी आहेत.

ऐंशी मिनिटेही खरी नाहीत. ढगाखाली घिरट्या घालणारे विमान एका ठिकाणी आहे असे त्यातल्या माणसांना वाटते, कारण ढग तोच असतो. परंतु ढग आणि विमान दोन्ही वाऱ्याबरोबर वाहत जात असतात. ताशी ४० किलोमीटरने ८० मिनिटांत ते ५० किलोमीटरहून अधिक पुढे जातील, आणि हे अंतर परतताना वाऱ्याविरुद्ध तोडावे लागेल. ढगापाशी घालविलेल्या प्रत्येक मिनिटाला ५ किलो लागतातच. त्याशिवाय त्या मिनिटात दूर गेलेले विमान परत आणण्याचे सुमारे ४५० ग्रॅमही त्याच्याच नावावर मांडले पाहिजेत. तसे मांडले म्हणजे ८० ची ७३ मिनिटे होतात.

दुसऱ्या इंजिनाचा भरवसा ह्या हिशेबात कितपत धरावा? एक इंजिन बंद झाले तर इंधन निम्मे लागेल आणि पल्ला दुप्पट होईल, हा तर्क चुकीचा आहे. चालू इंजिनाला अधिक शक्ती द्यावी लागते, बंद बाजूचा विरोध ओढावा लागतो, विमान तिरके सावरावे लागते, आणि वेग बराच घटतो. दट्ट्याच्या लहान विमानात तर निम्मी शक्ती गेल्याने चढण्याची क्षमता निम्मी राहत नाही. तिचा चार-पंचमांश किंवा त्याहूनही अधिक भाग जातो, कारण चढण्यास उपयोगी पडते ती सरळ उडण्यासाठी लागणाऱ्या शक्तीवरची उरलेली शक्ती. दुसरे इंजिन विमानाला धावपट्टीपर्यंत आणण्यासाठी असते. इंधनाच्या कोष्टकात ते मिळकतीच्या बाजूला लिहावयाचे नसते.

‘अंदाज’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला. तेथे त्याच्या कुळातल्या ‘अंदाजा’ ह्या शब्दाचा अर्थ माप असा आहे. मराठीत मात्र ‘अंदाज’ तर्काकडे झुकला आणि मापाचे काम ‘हिशेबा’कडे गेले. वैमानिकाच्या ‘इंधनाच्या अंदाजा’त हा जुना अर्थ अजून जिवंत असावा लागतो. म्हणूनच उड्डाणात ठराविक वेळाने टाकीतले इंधन पाहून ते कागदावरील आकड्याशी ताडले जाते, आणि फरक पडला की कागद बाजूला ठेवून टाकीचे ऐकले जाते.

लातूरऐवजी कन्नडच्या डोंगरांवर ढग जमले असते तर? चिकलठाण्यापासून कन्नडचे हवाई अंतर सुमारे ५० किलोमीटर. इतक्या थोड्या अंतरासाठी वर चढण्यात अर्थ नाही. सगळा प्रवास खालीच, मिनिटाला ५ किलोच्या दराने आणि ताशी ३३० किलोमीटरच्या वायुवेगाने करावा लागेल. वाऱ्यासह जाण्यायेण्यास १८ मिनिटे आणि सुमारे ९२ किलो. उरलेल्या ५४८ किलोंत ढगापाशी ११० मिनिटांच्या जवळ मिळतात. शिवाय येथे ढगाबरोबर वाहणे सुरुवातीला तरी घराच्या दिशेने होते, कारण कन्नड वायव्येला आहे आणि पश्चिमेचा वारा विमानाला तळाकडेच आणतो. तेच विमान, तेवढेच इंधन आणि तोच वारा; लातूरला ७३ मिनिटे, कन्नडला ११०. तळ एकच ठेवून साऱ्या मराठवाड्याच्या ढगांमागे जावयाचे ठरले, की कोणत्या तालुक्याच्या वाट्याला किती मिनिटे येणार हे ढगांच्या आधी ह्या कोष्टकात ठरलेले असते.